पडला तेवढाच पाऊस

आत्या गेल्याचं मला फ्लेक्सच्या फोटोवरून कळलं. मी इथं कच्छात पोकलेन चालवतो. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडला तर गावच्या ग्रुपवर सुमनआत्या गुलाबी साडीत, खाली ‘आमच्या गावाची हवामानमाय हरपली’, आणि शोकाकुल म्हणून नावांची रांग... त्यातला एकही माणूस अलीकडे तिच्या ओट्यावर चढला नव्हता. महिना होत आला, राग उतरत नाही.

पारनेर तालुक्यातलं आमचं कोरडवाहू गाव. पाऊस झाला की कुणी म्हणायचं लई झाला, कुणी म्हणायचं झालाच न्हाई. आत्या विचारायची, "लई म्हंजे किती?" एवढ्यावरून तिनं पाऊस मोजायचं माप मागवलं, अंगणात झाडापासून लांब रोवलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी पाणी मोजायला लागली. मी नववीतून शाळा सोडून इकडं आलो तेव्हा आई पत्र्याच्या घरात एकटी. तिकडं ढग आल्याचं ऐकलं की पोकलेन थांबवून मी मोबाईल बघत बसायचो. आत्या मोजून झालं की फोन करायची. "वीस मिलिमीटर. तुज्या आईचा पत्रा जागच्या जागी हाय. जा कामावर." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. हे उपकार कसे फेडायचे ते कळलंच नाही...

मग एका पावसाळ्यात वाऱ्यापावसानं बाजरी आडवी झाली. अतिवृष्टीत गाव बसलं तर भरपाई मिळणार होती. पाहणीला साहेब येणार म्हणून माझा चुलतभाऊ संतोष चौघांना घेऊन तिच्याकडे गेला.

"आत्या, साहेबांनी इचारलं तर जरा वाढवून सांग. तुजं काय जातंय?"

"माजी बी बाजरी झोपलीय, संतोष. पन पडला तेवढाच सांगीन."

साहेबांनी विचारलं, तिनं सांगितलं. गाव यादीत आलं नाही. हिशोब होतो तो शेजारगावच्या सरकारी यंत्रावर. आत्याच्या मापाला सरकारदरबारी काडीची किंमत नाही. संतोषला हे पक्कं माहीत होतं. तरी खापर तिच्यावर फोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. ती दळण घेऊन गेली की गिरणीची लाईट गेलेली असायची. एका सकाळी माप काठोकाठ भरलेलं आणि भोवतीची माती कोरडी ठाक. कुणीतरी तांब्या ओतला होता.

"दत्तू, आज आभाळ फकस्त माज्या अंगणात फाटलं बघ," फोनवर ती हसत म्हणाली. मग म्हणाली, "चहाला किती मानसं यायची रं."

मी चिडून म्हणालो, "मग सांगायचं होतं वाढवून!"

"आन मग तुज्या आईच्या पत्र्याचं मी खरं सांगते, ह्यावर तुजा इस्वास बसला आसता?"

दहाव्याला मला सुट्टी मिळाली नाही. नंतर आईनं सांगितलं, गावानं मापाची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, तोंडावर झेंडूचा जाड हार घातला, वरून लाल फडकं बांधलं. दोन दिवसांनी पाऊस झाला. किती, ते कुणालाच माहीत नाही.

मी संतोषला फोन लावला. "हार काढ. फडकं सोड."

"आरं, गावानं मान दिलाय आत्याला!"

"मान घरी ने. पाणी आत जाऊ दे."

त्यानं फोन कापला. तेव्हापासून बोलत नाही. नको बोलू दे. आईनंच जाऊन हार काढला, फडकं सोडलं. तिला अक्षरओळख नाही, म्हणून मापाच्या पट्टीवरच्या रेघा कशा मोजायच्या ते फोनवर शिकवलं. काल सकाळी तिचा फोन आला.

"सात रेघा भरल्यात. आठवी अर्धीच भरलीय. पुरी धरू का रं?"

"नको आई. अर्धीच सांग."