धुळवडीची फ्रेंच बाटली

दाजींवर मी वर्षभर डूख धरून होते. खोटं कशाला बोलू?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, पुण्याचे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आदल्या धुळवडीला आम्ही दोघं त्यांच्या फ्लॅटवर गेल्तो. दाजींनी दोस्तांसाठी फ्रान्सची वाइन काढली. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी बर्फ मागितला; वाइनमध्ये बर्फ घालत नाहीत, हे त्यांना काय ठाऊक! झालं! दाजी म्हणाले, "अरे, ह्यांना उसाचा रस द्या, लिंबू पिळून." सगळे खो खो हसले, माझी सख्खी बहीणसुद्धा. हे अंबडकडच्या साखर कारखान्यात लॅबमध्ये रस तपासायचे, म्हणून तो टोमणा. तवापासून दाजींचा फोन आला की हे न बोलताच माझ्या हातात द्यायचे. मुकाट्यानं सोसणाऱ्या माणसाला कुणी बी बोलावं का? माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

मंग ठरवलं. ह्या धुळवडीला दाजींना आपल्या कारखान्याच्या कॉलनीत बोलवायचं, वाइनच पाजायची, आणि चारचौघांत तोंडघशी पाडायचं.

जालन्याच्या एका दारूच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, मेडिकल पलीकडं हाय."

"दिसतंय मला. फ्रान्सची वाइन हाय का?"

शोकेसमध्ये दोन बाटल्या उभ्या होत्या, लेबलं उन्हानं पांढरी पडलेली. माणूस इमानदार निघाला. म्हणाला, "तीन उन्हाळे काचेत तापल्यात. आंबून पार सिरका झाला असंल. आत नाशिककडची चांगली हाय, ती न्या."

"न्हाई. ह्याच द्या."

बाई कामातून गेली, असं बघितलं त्यानं माझ्याकडं.

धुळवडीला मटण शिजत होतं. बहीण, दाजी, ह्यांचे कॉलनीतले दोन मित्र. लेबल बघूनच दाजी खुलले. ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट घोळवला, डोळे मिटले. "वा! जुनी दिसतेय. आंबटपणा काय सुरेख आहे हिचा!"

मी बोलणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. शिळ्या उसाचा रस वासावरनं ओळखणारा माणूस! ह्यांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं, तीच माझी चूक. हळूच म्हणाले, "साडूभाऊ, हिचा सिरका झालाय."

"तुम्ही आपला रसच प्या, साडूभाऊ!" दाजी मांडीवर थाप मारून हसले. त्यांचं बघून ते दोघं मित्रही हसले. मेले, एका कॉलनीत राहून! ह्यांची मान खाली गेली. खड्डा मी खणला दाजींसाठी, आणि पडला माझाच नवरा. आता मी खरं ओरडून सांगितलं असतं तरी म्हणले असते, नवऱ्याची बाजू घेऊन राह्यली.

उठले. दुसरी बाटली घेतली आणि तडक स्वयंपाकघरात. पातळ कांदा चिरला, मीठ टाकलं, हिरवी मिरची मोडून टाकली, आणि बाटली त्याच्यावर उपडी केली. मटण उतरेपर्यंत कांदा लालेलाल झाला.

पंगत बसली. दाजींनी कांदा दुसऱ्यांदा मागितला, तिसऱ्यांदा मागितला. "मेहुणीबाई, कांदा झकास! सिरका कुठून आणला हा?"

मी रिकामी बाटली आणून त्यांच्या ताटापुढं ठेवली. "फ्रान्सचा हाय, दाजी. मघाशी तुम्ही डोळे मिटून प्यालात ना, त्याच्याच जोडीची बाटली."

एका मित्रानं आपला ग्लास उचलून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. बहीण पदर तोंडाला लावून हसायला लागली, ह्या खेपेला स्वतःच्या नवऱ्याला. दाजींचा घास तोंडातच राह्यला, गिळता येईना की थुंकता येईना. मला तर असं गार वाटलं म्हणून सांगू!

आणि आमचे हे पहिल्यांदाच मान वर करून दाजींकडं बघत मला म्हणाले, "अगं, बघती काय? वाढ की त्यांना अजून."