मर्लला न दिसलेला शनी

बिंडारू गावच्या हौशी आकाशनिरीक्षण मंडळात मर्ल पॅस्को नसेल तर तारे उगवतील, पण चहा काही उकळायचा नाही, असं गावात म्हणत. अमावास्येच्या आसपास एखाद्या शुक्रवारी, दिवस मावळला की, गव्हाच्या उंच कोठ्यांमागच्या क्रिकेटच्या मैदानावर मंडळी दुर्बिणी मांडत. टॉर्चला लाल कागद गुंडाळलेला. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडतात, म्हणून जो तसा उजेड पाडेल त्याने पुढच्या खेपेला केक आणायचा. मर्ल केक तसाही आणायचीच. त्या दंडाचं तिला काय भय?

भय निराळंच होतं. मर्लला दुर्बिणीतून आजवर काही दिसलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी शिडीवर चढून डोळा लावला, तर स्वतःच्या पापण्या आणि पुढे काळोख. मागे रांग खोळंबलेली. आपल्यासाठी माणूस थंडीत कुडकुडत दुर्बीण लावून देतो, त्याला "नाही दिसलं" म्हणायचं कोणत्या तोंडाने? "अगं बाई, काय सुंदर!" म्हणून ती उतरली. पाहुणीने एकदा भोपळ्याला छान म्हटलं की दर वेळी भोपळाच वाढतात, तशी गत झाली.

सप्टेंबरात गावासाठी खुली संध्याकाळ ठरली. मंडळाचा अध्यक्ष कॉलिन ड्रॅबल, एकेकाळचा प्लंबर. त्याने घरी बनवलेली मोठी दुर्बीण बंबाएवढी जाड.

"मर्ल, आज इथे तू उभी राहायचंस. लोकांना शनी दाखव," तो म्हणाला.

"मी? आणि चहा?"

"डोरीन बघेल चहाचं. सगळ्यांत जास्त वाहवा तूच करतेस, मग दाखवायला दुसरं कोण?"

आज पितळ उघडं पडलं तर इतक्या वर्षांची मैत्रीण जाऊन खोटारडी म्हातारी उरायची.

"मधूनमधून स्वतः बघत जा हं," कॉलिन जाता जाता म्हणाला. "पृथ्वी फिरते, शनी सरकतो. नळी जरा ढकलत राहायची."

मर्लने मान डोलावली. पण बघून काय ढकलणार, कपाळ? ती नुसती घडीच्या शिडीला धरून उभी राहिली.

लोक चढू लागले. "वा!" पोस्टमास्तर म्हणाला. "कडी काय छान आहेत!" दवाखान्यातली नर्स म्हणाली. बेकरीवाल्याने तर शीळच घातली. सगळ्या गावाला दिसतं, एकटी आपणच आंधळी, असं वाटून मर्लचे डोळे भरून आले. आता खोटं बोलवेना. ती शिडीवर चढली, डोळा लावला. पापण्या. काळोख.

"मला काही दिसत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "कध्धीच दिसलं नाही!"

कॉलिन धावत आला, वाकून बघितलं.

"अगं, शनी केव्हाच निघून गेलाय! ढकललं नाहीस?" मग तो हळूच रांगेकडे वळला. "आणि तुम्ही कसली कडी बघत होतात?"

पोस्टमास्तर खाकरला. नर्सला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. बेकरीवाला म्हणाला, "तू इतक्या प्रेमाने बनवलीस, मेल्या, तुला वाईट वाटलं असतं."

कॉलिनने कपाळाला हात लावला, नळी हलवली. "ये, मर्ल. डोळा काचेला चिकटवू नकोस गं. थोडी मागे हो. अजून."

आणि पापण्यांच्या जागी काळोखातून एक पिवळसर ठिपका तरंगत आला. त्याला खरंच कडं होतं.

"एवढासा!" मर्ल ओरडली. "अरे, पण कडं आहे की याला!" सुंदर म्हणायचं ती साफ विसरली.

ती हलेना. मागे पाय आपटणं सुरू झालं.

"मर्ल, उतर की आता! आम्हाला बघू दे."

"थांबा जरा," ती डोळा न काढता म्हणाली. "तुमचा सगळ्यांचा बघून झालाय ना?"