पुरायचे मासे

शालिग्राम भोई तापीकाठचा, शिरपूरकडचा. चालायच्या आधी पोहायला शिकला, असं त्याची आई सांगायची. भोयांच्या आया असं सांगतातच, तेव्हा ते फार मनावर घेऊ नका. पण मासे मारायला तो जन्मला होता आणि मासे मारूनच आता पार गळून गेला होता, एवढं खरं. मेख अशी, की त्याने मारलेला मासा कुणाच्या ताटात जातच नव्हता.

उमेदीची वर्षं त्याची सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात गेली. वाफेने छाती भरली तेव्हा ते काम सुटलं. मग कळलं, सुरतेच्या कडेला डिंडोलीच्या पुढे जो पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव आहे, तिथं जाळं टाकणारा माणूस हवाय. शालिग्रामला वाटलं, देवाने ऐकलं बुवा! कसलं ऐकतोय. त्या तलावात सायप्रिनस माजला होता. मूळचा परमुलखातला, जाड ओठांचा, मिशाळ मासा. कुणा शहाण्याने कधीतरी त्याची पिल्लं आणून सोडली आणि तलावाची वाट लावली. हा मासा डुकरासारखा गाळ उकरतो, पाणवेली मुळासकट उपटतो, पाणी गढूळ करून ठेवतो. आपली मरळ न् आपली खवली बिचारी उपाशी मरते.

तो संपवायचा कसा, याचा अभ्यास करायला गायत्रीबाई आल्या होत्या. शिकलेली बाई, पण गुडघाभर चिखलात उतरायची. त्यांची रीत सरळ होती. विणीच्या दिवसांत काठाला गवताच्या जुड्या बांधायच्या, मादी त्यांवर अंडी चिकटवते, जुड्या उचलून उन्हात वाळवायच्या. आणि अंड्यावर आलेल्या माद्या वेचून पकडायच्या, खड्ड्यात घालून, वर चुना टाकून पुरायच्या. विकायला बंदी होती. विकायला दिलं की कुणीतरी धंद्यासाठी परत माशाचं बी सोडणार, हे बाईंना ठाऊक होतं.

शालिग्रामच्या घरात नेमकी इथंच ठिणगी पडली.

भोई अंड्यावरची मासळी धरत नाही. चुकून जाळ्यात आलीच, तर हात जोडून पाण्यात सोडतो. पहिल्या हंगामात नवऱ्याने हे काम सांगितलं, तेव्हा सुभद्राबाईने तव्यावरची भाकरी करपू दिली.

"खावाले मारं ते पाप नही, धनश्रीना बाप," ती म्हणाली. "गाडाले मारं ते पाप शे. आन् तेबी पोटुशी?"

"आपलं काम शे ते. पानी पिवाले नको का लोकेसले?" शालिग्राम म्हणाला, आणि करपलेलीच भाकरी मोडून घेतली.

पुढं तर फारच अवघड झालं. त्यांची एकुलती एक लेक धनश्री हिची दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तशी सुभद्राबाईने तिला डिंडोलीला माहेरी आणून ठेवली. तेव्हापासून शालिग्राम घरी आला की बायको रोज एकच विचारायची, "आज कितला मारात?" तो हात धुवायचा, चुन्याने फुटलेली बोटं चोळत बसायचा. पाठ मोडून आलेली, त्यात घरात तळतळाट.

एकच आशा होती. गायत्रीबाई म्हणाल्या होत्या, "शालिग्रामभाई, यंदाच्या विणीत एकही अंड्यावरची मादी मिळाली नाही, तर तलाव स्वच्छ झाला म्हणायचं. तुम्ही सुटलात." त्या 'सुटलात'वरच माणूस तगून होता. फाल्गुन सरत आला. जुड्या कोऱ्या निघत होत्या. जाळ्यात खवली यायला लागली, पाणी तळापर्यंत दिसायला लागलं. शालिग्रामला वाटायचं, आता घरी बसायचं, नातवंडाला मांडीवर घ्यायचं, आणि जन्मात पुन्हा चुन्याला हात लावायचा नाही.

आणि शेवटच्या आठवड्यात जाळं जड लागलं. मादी होती. पोट हे एवढं, अंड्यांनी तट्ट फुगलेलं. शालिग्रामने कपाळावर हात मारला. मग त्याचं लक्ष शेपटीच्या मुळाकडे गेलं. तिथं हिरव्या कापडाची एक पट्टी गाठ मारून बांधलेली होती.

पट्टीवर एक पिवळट डाग होता. रंग न धरलेला. तो डाग शालिग्रामने झोपेतही ओळखला असता. पांडेसऱ्याला त्याच्याच हातून बिघडलेला तो ताग्याचा तुकडा, मुकादमाने तोंडावर फेकलेला. त्याने घरी आणला होता, आणि सुभद्राबाईने जपून ठेवून परवाच खण म्हणून धनश्रीच्या ओटीत घातला होता.

सगळं एका क्षणात उलगडलं. बायको सकाळी 'देवळात जाते' म्हणून डबा घेऊन निघायची, ती देवळात जातच नव्हती. बाजारातल्या टपात तासन् तास जिवंत राहणारा मासा म्हणजे हाच, सायप्रिनस. त्यामुळे सोडायला जिवंत मासा मागितला, की कोळीण हाच देणार. नवऱ्याने ज्या पाण्यातून जीव काढले, त्याच पाण्यात ती जीव परत टाकत होती. पोटुशी मादी, ओटी भरून, लेकीच्या नावाने.

अरे देवा, शालिग्राम मनात म्हणाला, मी पुढून काढतोय आणि ही मागून भरतेय!

रडावं की हसावं कळेना. सोडून द्यावी ही मादी? कुणी पाहत नव्हतं. पण लाखभर अंडी होती तिच्या पोटात, आणि तलाव नुकता कुठं नितळला होता. आणि मारावी, तर त्या पट्टीत त्याच्या लेकीचा जीव बांधलेला. शेवटी त्याने गाठ सोडली, पट्टी खिशात कोंबली आणि मादी बाईंपुढे नेऊन ठेवली.

गायत्रीबाईंनी मादीचं पोट दाबून पाहिलं. "कुणीतरी बाहेरून सोडतंय हो," त्या म्हणाल्या. शालिग्रामने खिशातली पट्टी आणखी खोल दाबली. काम सुटायचं राहिलं ते राहिलंच.

घरी तो काही बोलला नाही. लेकीचे दिवस भरत आले होते, आता कुठं तोंड उघडायचं? तिच्याकडे बघितलं, की तिच्या नावाची मादी आपण आपल्या हाताने पुरून आलो, ही एकच गोष्ट डोक्यात यायची. आणि गंमत बघा, सुभद्राबाईनेही त्या दिवसापासून "आज कितला मारात?" हे विचारायचं बंद केलं. थकलेल्या माणसाच्या ते लक्षातच आलं नाही.

चैत्रात धनश्री मोकळी झाली. मुलगी. रडली ती अशी, की सारी चाळ जागी झाली.

पाचवी झाली. दुसऱ्या दिवशी शालिग्राम अंगणात आला तर दोरीवर बाळाच्या लंगोटांच्या रांगेत ती हिरवी पट्टी वाळत होती. तो जागीच थिजला.

"तेच दिन तुमना पँटना खिसामा सापडनी मले," मागून सुभद्राबाई म्हणाली. "तवापासून मी डोयाले डोया लावा नही. वाटे, मासा मरना, आते पोरगी जाई."

"मंग बोलनी काब नही?"

"तुम्ही तरी कोठे बोलनात?"

दोघंही ओट्यावर बसली. आत बाळ कुरकुरत होतं. सुभद्राबाईने नवऱ्याचा हात ओढून मांडीवर घेतला, चुन्याने उललेल्या बोटांना तेल चोळलं. किती तरी दिवसांनी. शालिग्रामला हुंदका आवरेना, आणि खोटं कशाला सांगा, त्याने आवरलाही नाही.

"आखो कितला वरीस गाडशात?" तिने विचारलं.

"तू सोडेल शेत तेवढा निघेपर्यंत."

तिने त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तलावनी मांगली भित पडेल शे ना, तठे वडखाले सोडेल शेत मी. तठे टाका जाळं."

शालिग्रामने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"पन मी येसू," ती म्हणाली.

आणि ती आली. वडाखालून निघालेल्या माद्या खड्ड्यात ठेवल्या होत्या, शालिग्राम चुन्याची पाटी घेऊन उभा होता. सुभद्राबाई वाकली, एकेकीला हळदकुंकू लावलं, खणाची उरलेली पट्टी त्यांच्यावर अंथरली. गायत्रीबाई धावत आल्या. "शालिग्रामभाई, हे काय चाललंय?"

"काही नाही बाई," शालिग्राम म्हणाला. "आमच्या घरच्या आहेत."

मग त्याने पाटी बायकोच्या हातात दिली, आणि पहिला चुना तिने टाकला.