राजकन्येचं उत्तर

लग्न होऊन मी साखऱ्याला आले, तेव्हा सासरी काळा-पांढरा टीव्ही होता. रविवारी सकाळी त्यावर एक मालिका लागायची. कुठल्याशा जुन्या काळातल्या राजाची गोष्ट, आणि तिच्यातली सगळी माणसं पद्यात बोलायची. भांडणसुद्धा यमक जुळवून. हिंदी अवघड, त्यात उर्दू भरपूर. बारावी झालेली असून मला निम्मं कळायचं नाही. तरी आमची ओसरी माणसांनी भरून जायची. तांड्यावरच्या बायाही यायच्या. यांना यात एवढं काय आवडतं, हे मला कोडंच होतं.

सासरे निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. एरवी माझ्याशी कामापुरतं बोलायचे, पण मालिका लागली की सगळ्यांना मोठ्यानं अर्थ सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची.

एका रविवारी राजा लढाई हरला. तहात त्यानं आपली मुलगी शत्रूच्या घरी द्यायचं कबूल केलं. भरल्या दरबारात त्यानं तिला विचारलं, "राजीखुशीनं जातेस ना?" मुलीनं मान वर केली आणि लाईट गेली.

कुणी उठलं नाही. "आता काय म्हनली आसंल वो ती?" एकानं सासऱ्यांना विचारलं.

"मला काय ठाव? लिहिनाऱ्याला इचारा."

तेव्हा तांड्यावरची एक म्हातारी खाली बघून गाऊ लागली. ती आमच्या कापसाच्या वेचणीला यायची. तिच्या बोलीत, रडल्यासारख्या लांब सुरात, दोनच ओळी. शेजारच्या बाईनं मराठीत सांगितलं, "बाबा, बैल इकला तवा त्याच्या पाठीवरून हात फिरवलास. माझ्या पाठीला हात न्हाई लावलास."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या रविवारी गर्दी वाढली. सुरुवातीला मागच्या भागाचा शेवट पुन्हा दाखवला. बापाला उत्तर देताना राजकन्या चांदण्याबद्दल, विझत्या दिव्याबद्दल बोलली. सासऱ्यांनी अर्थ सांगितला, तोही सुंदर होता. पण कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचं बरं व्हतं," आणि सासरे एवढंच म्हणाले, "बराबर."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन शेतात गेले आणि म्हातारीजवळ बसले.

"मावशी, तुम्हाला ते सुचलं कसं?"

"त्यात सुचायचं काय? आमच्यात नवरी निघताना रडत रडत गाती. बापाला, मायला, भावाला जे बोलायचं ते गाऊनच. साधं बोलाया गेलं तर गळा दाटतो, शबुद फुटत न्हाई. टीव्हीतली मानसं तेच करून राहिली."

"मग तुमच्या पाठवणीला तुम्ही काय गायलं होतं?"

ती हसली. "ते परत म्हनता येत न्हाई, लेकी. ते त्या वक्ताचंच."

माझ्या पाठवणीच्या वेळी मी वडिलांना काय म्हणाले, ते आठवून पाहिलं. 'गोळ्या वेळेवर घ्या', असलं काहीतरी. मग मीही ओटीत कापूस वेचायला लागले आणि मनात यमक शोधत राहिले. उन्हं उतरेपर्यंत वडिलांना म्हणायची एक ओळ जुळली. लाजत लाजत तिला म्हणून दाखवली.

तिनं हात थांबवून नीट ऐकलं. म्हणाली, "व्हय, चांगलं हाय. पर बाप त्याच्यावर काय म्हनला?"

ते मला अजून सुचलेलं नाही.