सीचा नियम आणि माझा भाऊ

इंग्रजीचे नियम करणारा माणूस मला एकदा भेटायला पाहिजे होता. 'सी'ला कधी 'क' म्हणायचं, कधी 'स'. अरे, 'क'साठी 'के' आहे, 'स'साठी 'एस' आहे, मग हा सी मधात कशाला घातला? आमच्या 'क'ला कोणी विचारत नाही, बाबा, आज तू कोण आहेस म्हणून. आणि असला कचरा पहिलीतल्या लेकराच्या डोक्यात कोंबायला प्रताप नगरात ट्यूशन. फ्लॅटचा हॉल, भिंतीवर हसणारी सफरचंदं चिकटवलेली. घरच्या एकानं मागं बसून ऐकायचं आणि घरी लेकराकडून घोकून घ्यायचं, हा मॅडमचा हुकूम. मुलगा बुटीबोरीला ड्युटीवर, सून दुकानात कामाला. म्हणून नातीसोबत माझी बायको जायची.

ती चौथी शिकलेली, मी त्याहून कमी. पण घरी मेथी निवडता निवडता ती मॅडमचं सारं आपल्या भाषेत करून सांगे.

"हे पाय वं बाई, सी म्हणजे तुह्या आबाचा भाऊ. ई, आय, वाय असे बडे लोक पुढं दिसले का सस-सस करते. बाकी कोणी असलं का कचकच."

"माह्या भावाले काहून मधात आणतं वं? तुहा भाऊ काय कमी हाय?" मी ओरडायचो.

"माहा भाऊ सगळ्यायपुढं सारखाच कचकच करते!"

नात हसून हसून लोळायची.

उन्हाळ्यात बायको गेली. तेव्हापासून नात ट्यूशनमध्ये तोंड उघडेना. घरी खाई, खेळे. पुस्तक पुढं आलं की कुलूप. मॅडमनं फोन केला, शनिवारी शेवटचं विचारीन, नाही बोलली तर नर्सरीच्या पोरांत बसवीन.

सून म्हणाली, "बाबा, तुम्ही जा ना. लहान पोरायत बसवलं तं ते अजूनच मिटून जाईन."

गेलो. बायको बसायची त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. बाकीचे आईबाप मोबाईलात घुसलेले. मॅडमनं नातीला उभं केलं.

"बेटा, सी का रूल बोलो."

नात फरशीकडे पाहत राहिली. कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"आजोबा, घरी प्रॅक्टिस होत नाही. आजींना जाऊन आता बरेच दिवस झाले ना?"

म्हणजे लेकरानं किती दिवसांत दुःख आवरायचं, त्याचाही नियम हिच्याकडं होता! मी उठलो.

"मी सांगतो. सी म्हणजे हिच्या आजीचा भाऊ. बडे लोक दिसले का..."

"आजीचा नाही, आबा!" नात गर्रकन वळली. "तुमचा भाऊ! ई, आय, वाय दिसले का सस करते, नाही तं कचकच. आजीचा भाऊ तं सगळ्यायपुढं कचकच करते!"

पोरं खिदळली. मॅडमचं तोंड आंबट झालं.

"गुड. नाऊ इन इंग्लिश."

"इंग्लिशमध्ये सोमवारी," मी म्हणालो. "आज इतकंच बोलू द्या तिले."

नर्सरीचं नाव मॅडमनं पुन्हा काढलं नाही. मी अजून त्या खुर्चीवर जाऊन बसतो. नियम मला आजही बेअक्कलच वाटतात, आणि ती सफरचंदंही. घरी आलो की मेथी निवडतो, अर्धी माती तशीच राहते. नात समोर बसून नियम सांगते, माझ्या भावाला मधात आणते आणि थांबते. मी ओरडल्याशिवाय पुढं जात नाही. मग ओरडतो.