विठ्ठलराव सरांचा उरलेला तास

विठ्ठलराव सर गणितात चुकले असं कुणी म्हटलं असतं, तर बोरी अरबमध्ये आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं. तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवून ते रिटायर झाले. वर्गात आगाऊपणा करणाऱ्याला बाहेर काढायचं आणि तास संपेपर्यंत आत घ्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. त्या व्हरांड्याच्या फरश्या मीही मोजल्या आहेत.

चुकल्याची बातमी शेवटी त्यांनीच पसरवली. बारावीतली त्यांची नात प्रेरणा मोबाइलवर आलेखाच्या ॲपमध्ये एक नागमोडी वक्र काढून बसली होती. रेघ एका बाजूला वाकता वाकता जिथं दुसरीकडे वाकू लागते, तो बिंदू तिला शोधायचा होता. सर न बघताच म्हणाले, "तिथं उतार शून्यच रायते." तिनं त्या बिंदूवर बोट ठेवलं. ॲपनं उतार दाखवला एक. सरांनी चष्मा पुसला, ॲपला नावं ठेवली आणि कागदावर स्वतः सोडवलं. तरी एकच. तिथं उतार शून्य असू शकतो, पण असलाच पाहिजे असं नाही. सरांनी मात्र तीस वर्षं "असलाच पाहिजे" हे ठणकावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सर दिसेल त्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून चूक दुरुस्त करू लागले. मला भेंडी निवडताना धरलं, कृषी केंद्रवाल्या पूनमसिंगला गिऱ्हाइकांसमोर. एसटीच्या कंडक्टर राखीनं घंटी मारता मारता त्यांना माफ करून टाकलं. कुणालाच काही आठवत नव्हतं. सरांना चुकीपेक्षा हेच जास्त लागलं. मला वाईट वाटलं आणि गंमतही वाटली, खोटं कशाला बोलू? मी त्यांच्या मागोमाग निघालो.

स्टँडजवळ बादलचं वेल्डिंगचं दुकान. बादल तांड्यावरचा, माझ्याच वर्गातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नव्या गेटच्या नक्षीवर बोट ठेवलं. सळई जिथं उलटी वळली होती, नेमकी तिथं ती चांगली तिरपी होती.

"सर, मी तवाच विचारलं होतं, इथं उतार शून्य काहून पाहिजे म्हणून. तुमी मले तास संपेपर्यंत बाहेर उभं केलतं."

सर पिशवी ठेवून दुकानाची पायरी उतरले आणि उन्हात जाऊन ताठ उभे राहिले. बादल खुर्ची घेऊन धावला. मी त्यांचा हात धरला. सरांनी घड्याळ पाहिलं.

"तू आत बस, बादल," ते म्हणाले. "तास संपाले अजून चाळीस मिनिटं हायेत."