आधी घरची माणसं बसायची

फोन मुजीबभाईंचा होता. मुजीबभाई म्हणजे आमच्या यार्डातले मिस्त्री आणि माझ्या नवऱ्याचे, यांचे, लिलावाचे कायमचे जोडीदार. आष्टीच्या पुढं, नगरच्या रस्त्यावर एका मैदानात अपघाताच्या गाड्यांचा लिलाव होता, म्हणून दोघं सकाळीच निघून गेले होते. मुजीबभाई नुसतंच "भाभी... भाभी..." करत राहिले. माझ्या तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो हाच, की कोणत्या गाडीत होते? मग ते म्हणाले, "गाडीत न्हाई भाभी. खुर्चीवर बसलेले व्हते. चहा घेतला, अन् तसेच मागं टेकले..." मला ते खरंच वाटेना. मी परत विचारलं, पण गाडी कोण चालवत होतं? दीड महिना होऊन गेला. सांत्वनाला येणाऱ्या बायका म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, कुणाच्या हातून काही करून घेतलं नाही. मी मान हलवते. पण ज्या भीतीनं माझं सगळं आयुष्य खाल्लं, ती शेवटी भलत्याच दाराशी पहारा देत बसली होती, हे काही मला अजून पचलेलं नाही.

आमचे हे, दिगंबर, बीडच्या बाहेर हमरस्त्याला लागून मोडक्या गाड्यांचं यार्ड चालवायचे. गाडी इतकी चेंबटली की दुरुस्त करण्यापेक्षा मालकाची भरपाई देऊन मोकळं झालेलं बरं, असं विमा कंपनीला वाटलं की ती गाडी लिलावात येते. हे तिथं जायचे, गाडीभोवती फिरायचे, पँट मळायची पर्वा न करता खाली आडवे होऊन तिचा सांगाडा बघायचे. पूर्वी चिठ्ठीवर आकडा लिहून पेटीत टाकायचा असे, आता मोबाईलवर बोली लागते. पण खाली आडवं व्हायचं काही सुटलं नाही. आणलेल्या गाड्यांतली जी उभी राहण्यासारखी असेल ती उभी करायची, नसेल तिची दारं, काचा, इंजिन, चाकं सुटी करून विकायची, असा तो धंदा. आमची सोयरीक जमली तेव्हा माझ्या वडिलांना सांगितलं गेलं, पोराचा गाड्यांचा धंदा आहे. ते खोटं नव्हतं. गाड्या कशा, एवढंच कुणी विचारलं नाही.

मला शिवणकाम येतं हे कळल्यावर लग्नाच्या नव्या नवलाईतच यांनी माझ्यापुढं एक जीप आणून उभी केली आणि म्हणाले, हिला सीट कव्हर शिव. मांजरसुंब्याच्या घाटात कलंडलेली, भाड्यानं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप होती ती. जुनी कव्हरं उसवताना सीटच्या फटीत माझ्या हाताला एक केसाची पिन लागली, मग हिरव्या बांगडीचा तुकडा, मग कागदात बांधलेलं कुंकू. हे समोरच पत्रा ठोकत होते. मी विचारलं, यात कुणी गेलं का हो? ठोकायचं न थांबवता ते म्हणाले, "इचारू नको. इचारलं तर शिवता येणार न्हाई." मी विचारलं नाही, शिवलं. पण त्यानंतर यार्डात आलेल्या प्रत्येक गाडीला मी मनातल्या मनात हात जोडून मगच हात लावत आले. तशी माझी भीती दोन प्रकारची होती. एक, त्या गाडीतून जे उतरलेच नाहीत त्यांची. आणि दुसरी, तिच्या ब्रेकची, स्टेअरिंगची, जोडलेल्या पत्र्यांची. पहिल्या भीतीवर हे मनमुराद हसायचे. दुसरीवर कधी हसले नाहीत, आणि हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

गाडी तयार झाली की ती गिऱ्हाइकाला लगेच द्यायची नाही, असा यांचा नियम होता. आधी घरची माणसं बसायची. आमच्या सासूबाई, मी, पुढं एखादं लेकरू, सगळ्यांना घालून हे स्वतः गाडी कपिलधारला न्यायचे. तिकडं उतरणारा रस्ता वळणावळणाचा. देवदर्शन आणि ब्रेकची परीक्षा एकाच खेपेत उरकते, असं हे म्हणायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, काय बाई नशीब, सारखी नव्या गाडीतून फिरायला जाते. मी एकदा चिडून बोलले होते, की तुम्हांला परीक्षाच करायची तर मुजीबभाईंना घेऊन जा, लेकराबाळांना कशाला मरणाच्या दारात नेता? तेव्हा मात्र यांचा आवाज बदलला. म्हणाले, "ज्या गाडीत माझं घर बसलं न्हाई, ती दुसऱ्याच्या घरी कशी देऊ?" पण उत्तर बरोबर असलं म्हणून भीती थोडीच जाते.

सासूबाईंना कशाचंच काही नसायचं. पुढच्या सीटवर बसून पानाचा तोबरा भरायच्या आणि गाव सुटायच्या आत घोरायला लागायच्या. मी मागं. एका हातानं वरचा दांडा, दुसऱ्या हातात लेकराचं मनगट. खाली कुठं लोखंड करकरलं की माझा जीव टाळूला जायचा. ही गाडी एकदा मेलेली आहे, हे माझ्या डोक्यातून कधी जातच नसे. उताराला लागलं की हे मुद्दाम गप्प व्हायचे आणि आतल्या आरशातून माझ्याकडं बघत राहायचे. मी म्हणायचे, रस्त्याकडं बघा, माझ्या तोंडाकडं काय बघता? हे नुसते डोळ्यांनी हसायचे. माझी गंमत वाटत असणार, असंच मी धरून चालले होते.

एकदा मात्र वेगळं झालं. गेवराईच्या एका भाजीवाल्यासाठी पिकअप तयार केला होता. मी यांच्याशेजारी होते, दार गच्च धरून. अर्ध्या उतारावर यांनी माझ्याकडं पाहिलं, गाडी बाजूला घेतली, मग अगदी सावकाश माघारी वळवली. दर्शनही घेतलं नाही. यार्डात आल्यावर मुजीबभाईंना म्हणाले, "उघड बे खालून." मुजीबभाई कुरकुरले, सगळं दोनदा बघितलंय म्हणाले. पण उघडल्यावर चेसिसला, खालच्या सांगाड्याला, केसाएवढी चीर सापडली, रंगाखाली दडलेली. ती वेल्डिंगनं भरता आली असती. भाजीवाला येऊन बोंबलून गेला, पण यांनी तो पिकअप सरळ तोडायलाच घेतला. यांच्या कानाला काहीतरी आवाज लागला असेल, असं मी तेव्हा समजले.

यांच्या मागं यार्डात एक गाडी राहिली. शाळेची मुलं नेण्यासाठी बनवलेली व्हॅन. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली होती. यांनी तिचं पुढचं सगळं तोंड नव्यानं उभं केलं होतं, मुलांसाठी आत बसके बाक बसवले होते. ती शिरूरकडच्या एका माणसानं सांगून ठेवली होती. त्याच्या गावातली निम्मीअधिक घरं ऊसतोडीला जातात, लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात आणि शाळा पार दुसऱ्या गावाला. व्हॅन तयार होती. फक्त कपिलधारला जायची राहिली होती. तेरावं झालं आणि तो माणूस यायला लागला. माझा मुलगा अक्षय आता यार्ड बघतो. तो म्हणाला, आई, मी स्वतः चालवून बघितली, गाडी चोख आहे, देऊन टाकू. मला मात्र राहून राहून ते बाक दिसायचे, आणि त्यांवर बसलेली अनोळखी लेकरं. त्यांचे आईबाप लांब कुठल्यातरी उसाच्या फडात. मी अक्षयला म्हणाले, मुजीबभाईंना घेऊन एकदा नियमाप्रमाणं जाऊन ये, मग दे.

तेव्हा मुजीबभाई हातातलं काम ठेवून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "आमी जाऊन काय व्हनार भाभी? भाऊ तुमाला कावून न्यायचे, ठाव हाय का?" मी म्हटलं, घरचं माणूस म्हणून. त्यांनी मान हलवली. "घरचे तर समदेच व्हते. पन आत्याबाई झोपायच्या, लेकरू खिदळायचं. भ्यायच्या फकस्त तुमी. भाऊ म्हनायचे, तिची रोजची भीती मला पाठ हाय, रोजच्यापरीस जरा जास्त दिसली की गाडी माघारी घ्यायची." पिकअपचं काय ते आत्ता उलगडलं. हे ऐकून आधी मला रागच आला. म्हणजे इतकी वर्षं माझा जीव टांगणीला लावून या माणसानं माझा वजनकाटा करून वापरला, आणि एका शब्दानं सांगितलं नाही! मग वाटलं, सांगितलं असतं तर मी मुद्दाम भ्याले असते, नाहीतर मुद्दाम भ्यायचं टाळलं असतं. हे त्यांना कळत होतं. राग कुणावर काढायचा, माणूस तर राहिलं नाही... मी उठले आणि अक्षयला म्हटलं, काढ गाडी.

अक्षय चालवत होता, मी मागं त्या बसक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. उतार सुरू झाला. अक्षय आरशातून बघत होता, त्यालाही मुजीबभाईंनी सांगितलेलं असणार. "काय वाटतंय आई?" मी बघितलं तर माझा हात मांडीवर तसाच पडलेला. दांडा धरलेलाच नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं. पोटचा पोरगा गाडी चालवतोय हे दिसत होतं, पण पाठमोरा तो हुबेहूब यांच्यासारखा दिसतो, आणि यांना आता काही होणार नव्हतं. मलाही काही झालं तर होऊ दे, असं सरळ मनात आलं. गाडी खाली पोहोचली, आणि तिथं उभ्या उभ्या मला घाम फुटला. मी भ्याले नाही म्हणून अक्षय उद्या ही गाडी देईल, आणि मी तर कशालाच भीत नाहीये. तुटका सांगाडा असता तरी मी अशीच बसले असते. न भिण्याची एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी म्हणाले, घरी चल, लेकरांना घेऊ. अक्षयनं गाडी वळवली. दारात सून होती, रेणुका; ती मला मामी म्हणते. कडेवर धाकटा, पदराला स्वरा. मी काय मागतेय ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला. तिनं एकदा व्हॅनकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि स्वराचा हात माझ्या हातात दिला. म्हणाली, "मामी, हिला न्या. ह्याला राहू द्या." मीही माझी दोन्ही लेकरं एका गाडीत कधी बसू दिली नव्हती; एकाला ताप आहे म्हणायचे, नाहीतर माहेरी धाडायचे. यांना ते कळत असणार. दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

परत तोच उतार. स्वरा माझ्या शेजारी, खिडकीला नाक लावून, गाणं म्हणत. पहिलं वळण आलं. पायांचे तळवे आपोआप खाली पत्र्यावर दाबले गेले. मागच्या काचेची थरथर, दाराच्या कडीचा टक टक आवाज, खाली स्प्रिंगच्या पाट्यांची करकर, सगळं मला सुटं सुटं ऐकू यायला लागलं. सगळ्यांत तीव्र उतारावर अक्षयनं यांच्यासारखाच कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. माझं काळीज मात्र कितीतरी वेळ तसंच धावत होतं. इतक्या दिवसांनी मी पूर्वीसारखी भ्याले होते, तितकीच, कणभर जास्त नाही. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हे कुठंतरी जवळपास आहेत असं वाटलं.

"आजी, सोड ना... दुखतंय," स्वरा म्हणाली. मी हात सोडला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. ते बापाला दाखवत ती म्हणाली, आजी लई भित्री हाय. अक्षय आरशातून माझ्याकडं बघत थांबला होता. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "दे गाडी. पोरं बसू देत." गाडी द्यायचा शब्द आमच्या घरात आजवर फक्त यांचाच असायचा.